ताटातलं अर्धं

(हैदराबाद. नारायणगुड्यातल्या एका खासगी इस्पितळाची इकोची खोली. दुपार. टेबलावर डाव्या कुशीवर झोपलेले अप्पाराव, निवृत्त शिक्षक. पायाशी उभी त्यांची मुलगी प्रणिता. यंत्रापाशी डॉ. हर्षद.)

डॉक्टर : ...आणि हे काळं, गोल दिसतंय ना, ते तुमचं नाही.

अप्पाराव : माझ्याच छातीत आहे की.

डॉक्टर : छातीत आहे. पण तुमचं नाही. भाडेकरू समजा.

अप्पाराव : डॉक्टरसाब, अंबरपेठेत माझा वरचा मजला भाड्यानं दिलेला आहे. भाडेकरू असा गुमान बसत नसतो. नळाची तक्रार करतो.

प्रणिता : अप्पा, हलू नका ना. सगळं जेल शर्टाला लागतंय.

अप्पाराव : मी कुठं हलतोय, बाई. आत हलतंय ते.

डॉक्टर : ते हलायलाच पाहिजे. ते हृदय आहे.

अप्पाराव : आकृती काही सुबक नाही बघा. नववीच्या पोरानं अशी काढली असती तर पाचातले दोन दिले असते मी. कप्पे दाखवलेत, भागांना नावं नाहीत.

डॉक्टर : नावं मी देतो. हा डावा कप्पा, खालचा. ही त्याची भिंत. आणि भिंतीत वीट बसवावी तशी बसलेली ही गाठ. गाठ म्हणजे पाण्याची पिशवीच. तिच्या पोटात पुन्हा या छोट्या छोट्या पिशव्या. यांना डॉटर सिस्ट म्हणतात.

अप्पाराव : डॉटर? सन नसतात का?

डॉक्टर : नसतात. सगळ्या मुलीच.

अप्पाराव : चला. म्हणजे आमच्या घरच्या रीतीला धरून आहे.

प्रणिता : डॉक्टर, प्लीज, मागच्या वेळेपेक्षा लहान झालीय का, तेवढं सांगा. गुरुवारचं ऑपरेशन फिक्स आहे. मी ऑफिसात लीव्ह टाकून बसलेय.

डॉक्टर : बघतोय. जरा अजून डावीकडे कला, अप्पाराव. हात डोक्याखाली.

अप्पाराव : सुरुवातीला आमच्या गल्लीतला डॉक्टर म्हणाला, गॅस आहे. सहा महिने मी गॅस म्हणूनच वागवलं याला. ओवा काय, हिंग काय. मग एक दिवस जिन्यात घेरी येऊन पडलो तर दुसरा म्हणाला, ट्यूमर आहे. तिसरे तुम्ही. तुम्ही हे यंत्र लावलं आणि म्हणालात, किडा आहे. दर डॉक्टरमागं माझी पत उतरत गेली.

डॉक्टर : उलट आहे. ट्यूमर कुणालाही होतो. हृदयात ही किड्याची गाठ, हे हायडॅटिड, सापडणं फार दुर्मिळ. इतक्या वर्षांत मी दुसऱ्यांदा बघतोय. पहिली केस पुण्याला असताना, तीही लांबून, सरांच्या खांद्यावरून. तुमची ही फिल्म मी पुढच्या परिषदेत दाखवणार आहे.

अप्पाराव : माझं नाव घालणार?

डॉक्टर : नाव घालता येत नाही. वय आणि लिंग.

अप्पाराव : म्हणजे मतदार यादीपेक्षाही कमी.

प्रणिता : डॉक्टर, तुम्ही पुन्हा पुन्हा तिथंच बघताय.

डॉक्टर : मोजतोय.

प्रणिता : मागच्या वेळी मोजताना तुम्ही शिट्टी वाजवत होता.

डॉक्टर : अप्पाराव, गोळ्या कशा घेत होतात?

अप्पाराव : तुम्ही सांगितलं तशा. सकाळी एक, रात्री एक.

डॉक्टर : तुपाबरोबर? रिकाम्या पोटी ही गोळी नुसती फिरून जाते, अंगी लागत नाही.

अप्पाराव : तुपाबरोबरच. मला आख्खी गिळवत नाही. म्हणून भाकरी कुस्करायची, वर तूप सोडायचं, गोळीची पूड करून त्यात कालवायची. तसं म्हणलं तर ही शाळेत पोरांना वाटतात ती जंताची गोळी. रिटायर मास्तराला पोरांची गोळी. पण घेतली.

डॉक्टर : उलटी? जुलाब?

अप्पाराव : काही नाही.

डॉक्टर : एखादी चुकली?

अप्पाराव : चुकायला ही पोरगी आहे ना कोंडापुरात बसून. व्हिडिओवर ताट बघते.

प्रणिता : हौ, रोज. सकाळी आणि रात्री. रिकामं ताट दाखवल्याशिवाय मी कॉल कट करू देत नाही. मीटिंगमध्ये असले तरी म्यूट करून बघते. आणि ताट एकदम साफ असतं, डॉक्टर. चाटूनपुसून.

अप्पाराव : ते चाटूनपुसून बादशाचं असतं.

डॉक्टर : बादशा कोण?

प्रणिता : आमच्या गल्लीतला कुत्रा. तो... एक मिनिट. अप्पा, बादशाचं म्हणजे?

अप्पाराव : म्हणजे शेवटचं बोट त्याचं. बोट म्हणजे जीभ.

डॉक्टर : अप्पाराव, मी पहिल्या दिवशी विचारलं होतं तुम्हाला, घरात कुत्रा आहे का. तुम्ही नाही म्हणालात. माझ्या कागदावर तसं लिहिलंय.

अप्पाराव : घरात नाहीच. तुम्ही घरात विचारलं. तो उंबऱ्याच्या बाहेर बसतो. आत पाऊल टाकत नाही, त्याला रीत कळते.

डॉक्टर : पाळलेला कुत्रा आहे का, असंही विचारलं होतं.

अप्पाराव : पाळलेला कसा म्हणायचा? आम्ही त्याचे.

डॉक्टर : मला नीट सांगाल का? तुमचा आणि कुत्र्याचा नक्की काय संबंध आहे?

अप्पाराव : सोयरीक नाही. पंगत एक आहे.

प्रणिता : डॉक्टर, मी सांगते. आमचा खंडोबा. मैलारचा, बीदरकडचा. कुत्रा हे त्याचं जनावर. म्हणून अप्पा त्याला जेवायला देतात, बस. एवढंच. खूप लोक देतात.

अप्पाराव : एवढंच नाही, बाई. तू ऐकलेलं अर्धं आहे. डॉक्टरसाब, माझ्या आधी आईची तीन लेकरं गेली. माझ्या वेळेला तिनं मैलारला जाऊन देवाला सांगितलं, हे जगलं तर तुझा वाघ्या करीन. वाघ्या म्हणजे देवाचा कुत्रा होऊन राहायचं. गळ्यात भंडाऱ्याची पिशवी, दारोदार मागून खायचं. मी जगलो. आता आली पंचाईत. वडील कचेरीत कारकून. ते म्हणाले, पोरगं शाळेत जाईल. आई म्हणाली, देव उचलून नेईल. मग पुजाऱ्यानं तडजोड काढली. पोराला शिकवा, पण जन्मभर त्याच्या ताटातलं पहिलं अर्धं कुत्र्याला. ते झाल्याशिवाय यानं घास घ्यायचा नाही. आणि चंपाषष्ठीला देवाच्या लाकडी कोटंब्यात दूधभाकरी, एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं देवळातली कुत्री.

डॉक्टर : एकाच भांड्यात?

अप्पाराव : एकाच. मी तोंडानं खायचो, हात न लावता. मुंज होईपर्यंत म्हणा ना. मी जोरात खायचो. नाहीतर उरायचं नाही.

डॉक्टर : मिळाला पत्ता. तिथूनच आलंय हे. कुत्र्याच्या आतड्यातला किडा. त्याचं अंडं तुमच्या पोटात. तिथून रक्तात. बहुतेक वेळा यकृतात अडकतं, तिथून सुटलं तर फुप्फुसात. तुमचं दोन्ही चुकवून हृदयात येऊन बसलं. आणि मग वाढतंय वर्षानुवर्षं, दमानं.

अप्पाराव : ठाऊक आहे. पट्टकृमीचं जीवनचक्र. जामबागेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलंय. कुत्रा, मेंढी, चुकून माणूस. फळ्यावर रंगीत खडूनं, बाण काढून.

डॉक्टर : तुम्ही शिकवत होतात? हे?

अप्पाराव : नववीला. हमखास प्रश्न.

डॉक्टर : आणि घरी जाऊन...

अप्पाराव : डॉक्टरसाब, ते परीक्षेला येतं. जेवायला येत नाही.

प्रणिता : शेजारचे लोक म्हणतात बिर्याणीमुळं झालं.

अप्पाराव : सगळ्या हैदराबादेत बिर्याणी न खाल्लेला मी एकटा. आणि शोधत शोधत किडा आला तो माझ्याकडं.

डॉक्टर : थांबा. थांबा जरा. मला ही भाकरी पुन्हा सांगा. कुस्करलेली भाकरी. त्यावर तूप. त्यात गोळीची पूड. बरोबर?

अप्पाराव : बरोबर.

डॉक्टर : आणि मग पहिलं अर्धं...

अप्पाराव : बादशाला.

डॉक्टर : भाकरीचं अर्धं.

अप्पाराव : भाकरीचं, तुपाचं. जे ताटात असेल त्याचं.

प्रणिता : अप्पा. गोळीचं?

अप्पाराव : ताटातच होती ना गोळी.

प्रणिता : अय्यो! अप्पा, तुम्ही अर्धी गोळी रोज कुत्र्याला घातली?

अप्पाराव : रोज नाही. दिवसातनं दोनदा.

प्रणिता : उन्हाळ्यापासून! मी इथं गूगल करून करून वेडी झालेय, औषध का लागत नाही, अब्सॉर्ब का होत नाही. तुपाचे तीन ब्रँड बदलले मी!

अप्पाराव : तूप चांगलं होतं. दोघांनाही आवडलं.

डॉक्टर : कुत्र्याला काही झालं नाही?

अप्पाराव : झालं ना. अंगावर तेज आलंय. पूर्वी मागचे पाय ओढायचा, आता रिक्षामागं पळतो. गल्लीतले विचारतात, काय घालता म्हणून.

डॉक्टर : त्याचे जंत गेले.

अप्पाराव : तेच मी म्हणतो. तुम्हीच सांगितलं, किडा कुत्र्याकडून येतो. मग औषध नुसतं मला देऊन काय उपयोग? उगमाला नको? शास्त्रात तरी चुकलं का माझं?

डॉक्टर : नाही चुकलं. त्याचीच अडचण आहे.

प्रणिता : त्याला वेगळी आणली असती मी! जनावरांच्या दुकानात मिळते. चिकनच्या फ्लेवरमध्ये मिळते!

अप्पाराव : वेगळी देऊन कसं चालेल? ताटातलं द्यायचं असतं. वेगळं काढून दिलं की ती भीक झाली. आणि माझ्या अर्ध्यातच औषध ठेवून त्याला कोरडी भाकरी द्यायची, हे तर चोरटेपण. समोर बसलेला असतो तो. बघत असतो.

प्रणिता : मग दोन टाकायच्या ना, अप्पा! एका वेळी दोन गोळ्या कुस्करायच्या ताटात. अर्धं त्याला दिलं तरी तुमच्या वाट्याला एक आली असती. देव पण खूश, डॉक्टर पण खूश.

अप्पाराव : दोनाचं अर्धं... एक.

प्रणिता : काय झालं?

अप्पाराव : डॉक्टरसाब, चाललं असतं का ते?

डॉक्टर : चाललं असतं.

अप्पाराव : तेवढंच करायचं होतं?

डॉक्टर : तेवढंच.

अप्पाराव : हे सुचलं नाही बघ. साधं त्रैराशिक. गणिताला दुसरे मास्तर होते आमच्याकडं.

प्रणिता : मला एकदा बोलायचं ना. एकदा! मी काय नक्को म्हणाले असते?

अप्पाराव : तू विचारायचीस, गोळी संपली का. मी म्हणायचो, संपली. खोटं काही बोललो नाही मी.

प्रणिता : डॉक्टर, आता? गुरुवारचं काय?

डॉक्टर : सांगतो. बेत काय होता बघा. गोळीनं आतला जीव मारायचा. मग पिशवी सुरकुतते, आतलं पाणी निर्धोक होतं. मग सर्जन छाती उघडून, हृदय थांबवून, ती सावकाश सोलून काढणार. मी घशातून एक नळी घालून आतून बघत बसणार, कुठे काही सांडतंय का. आणि सांडलं तरी मेलेलं सांडलं असतं.

प्रणिता : आणि आता?

डॉक्टर : आता जिवंत आहे. टच्च आहे. मागच्या वेळेपेक्षा मोठी आहे. आणि रक्ताच्या बाजूची भिंत इथे, ही बघा, ही रेघ. इथे मला ती जाड दिसायला हवी.

अप्पाराव : मला तर रेघच दिसत नाही.

डॉक्टर : हो.

प्रणिता : फुटली तर काय होतं?

डॉक्टर : आतलं पाणी रक्तात जातं. शरीर त्याला विष समजतं, एकदम. ब्लड प्रेशर कोसळतं. पिशवीचे तुकडे डोक्याकडे जाऊ शकतात. मी तुमच्यापासून लपवणार नाही.

अप्पाराव : सुई नाही का घालता येत? यकृताच्या गाठीत घालतात म्हणे. याच यंत्रावर बघत बघत सुई आत, पाणी बाहेर, औषध आत. प्रणीनं मला मोबाइलवर दाखवलं होतं.

डॉक्टर : यकृत एका जागी बसून असतं, अप्पाराव. तिथे मी सुई घातली असती. आत्ता, या टेबलावर. इथे नाही घालता येत. टोचलं आणि गळलं तर मीच फोडल्यासारखं होईल. म्हणून नुसतं बघतोय मी. इतकं स्वच्छ दिसतंय की एकेक मुलगी मोजता येतेय. पण हात लावायची सोय नाही.

अप्पाराव : म्हणजे काचेतनं मिठाईचं दुकान.

डॉक्टर : मी सर्जन सरांना फोन लावतो. एक मिनिट... हां सर, हर्षद. वो हायडॅटिड वाले पेशंट, गुरुवार के. टेबल पे हैं. नहीं सर, सिकुड़ा नहीं. बड़ा हुआ है. अंदर की वॉल पतली लग रही है... गोली आधी पहुँची सर. आधी. ...आधी कुत्ते को दी है. डॉग, सर. ...नहीं सर, जोक नहीं है. ...नहीं, कुत्ता ठीक है.

अप्पाराव : सांगा त्यांना, रिक्षामागं पळतो.

डॉक्टर : ...हां सर. हां. दोनों में रिस्क है, वही पूछना था. ...नीचे से? अभी देखता हूँ. ठीक है सर. ठीक है.

प्रणिता : काय म्हणाले?

डॉक्टर : दोन रस्ते आहेत. एक, आजपासून पूर्ण गोळी, काही आठवडे थांबायचं, मग ऑपरेशन. पण ही भिंत तेवढी थांबेल याची खात्री मला देता येत नाही. दोन, थांबायचं नाही. आहे तशी जिवंत काढायची. काढताना सांडली तर काय, ते मी सांगितलंच.

प्रणिता : तुम्ही काय कराल? तुमचे वडील असते तर?

डॉक्टर : हा प्रश्न सगळे विचारतात. माझे वडील पुण्यात असतात. ते माझं ऐकत नाहीत.

प्रणिता : डॉक्टर!

डॉक्टर : सर म्हणतात, थांबू नका. उद्या सकाळी पहिली केस. मलाही तेच वाटतं. पण मला वाटतं म्हणजे मला माहीत आहे असं नाही. तेवढा फरक लक्षात घ्या.

अप्पाराव : मग आज घरी जाऊन येतो. कपडे घेतो. दिव्यात तेल घालतो.

डॉक्टर : घरी जाता येणार नाही. इथूनच वर खाटेवर. स्ट्रेचरवरून. जिना नाही, रिक्षा नाही, जोरानं खोकणंसुद्धा नाही.

अप्पाराव : मैलारला एकदा विचारलं असतं. मूर्तीला फूल लावतात, उजवीकडचं पडलं तर होय. इतकी वर्षं विचारल्याशिवाय काही केलं नाही.

प्रणिता : पुजाऱ्यांना व्हिडिओ कॉल करते मी, अप्पा. लगेच करते. त्यांचा नंबर आहे माझ्याकडे, ते दर रविवारी आरती पाठवतात.

अप्पाराव : नको. गाभाऱ्यात रेंज नसते. अर्ध्यात अडकलं तर फूल पडलं का नेटवर्क पडलं, काय कळायचं?

डॉक्टर : आणि फूल डावीकडचं पडलं, तर मी काय करू?

अप्पाराव : तेही आहे.

प्रणिता : अप्पा, भीती वाटतेय का?

अप्पाराव : मला? मला काय. मला भूल देणार. तू जागी राहणार.

प्रणिता : असं नका बोलू.

अप्पाराव : बादशाला आज रात्री कोण घालेल?

प्रणिता : मी घालते. जाऊन येते.

अप्पाराव : तू त्याला घाबरतेस. तो भुंकला की तू कारच्या काचा वर करतेस. आणि तुझ्या ताटातलं चालायचं नाही त्याला, माझ्या ताटातलं लागतं. ते झाल्याशिवाय मला घास घेता येत नाही. इथं इस्पितळात जेवण देतील, ते मी कसं खाऊ?

डॉक्टर : तो प्रश्न सुटला. तुम्हाला आज रात्री उपाशीच राहायचंय. ऑपरेशनच्या आधी काही खायचं नसतं. पाणीसुद्धा नाही.

अप्पाराव : आणि उद्या?

डॉक्टर : उद्याही नाही. परवा बघू.

अप्पाराव : बरं. म्हणजे मोडलं काही नाही.

प्रणिता : अप्पा, मी चिडले मघाशी.

अप्पाराव : चिडायलाच पाहिजे होतं. मी एकच विचार करतोय, बाई. माझी आई मेली तेव्हा समाधानानं मेली. म्हणाली, तीन गेले पण हा देवानं राखला. कुत्र्याच्या तोंडचं खाऊन जगला. आता हे डॉक्टर म्हणतात, त्याच घासात हे होतं. मग तिनं जगवलं का... जाऊ दे. नववीला असा प्रश्न कोणी विचारला तर मी त्याला खाली बसवत असे.

डॉक्टर : मला इथे फक्त गाठ दिसते, अप्पाराव.

अप्पाराव : तेच तर. तुम्हाला नुसतं दिसतं.

प्रणिता : परिषदेत दाखवणार होता ना तुम्ही. त्यांना बरं करून दाखवा. प्लीज. पहिली फिल्म, दुसरी फिल्म, बिफोर-आफ्टर असतं ना तुमच्यात.

डॉक्टर : असतं. अप्पाराव, सरांना एक माप हवंय. बरगड्यांच्या खालून. तिथून भिंत जास्त चांगली दिसते. उताणे झोपा आता. सावकाश, मी धरतो. प्रणिता, तुम्ही त्या बाजूनं खांदा धरा. गुडघे वर घ्या. पोट सैल.

अप्पाराव : गार आहे तुमचं हे.

डॉक्टर : थोडं दाबणार आहे. दुखलं तर सांगा.

अप्पाराव : दाबा. पोरीला दिसतंय का तिथनं? पडदा जरा तिच्याकडं वळवा. हिनं कॉमर्स घेतलं, हे काही बघितलं नाही तिनं.

प्रणिता : दिसतंय मला.

डॉक्टर : आता श्वास आत घ्या. भरपूर. अजून. आणि धरून ठेवा. मी सांगेपर्यंत सोडू नका.

प्रणिता : हा कप्पा कुठला, डॉक्टर? तोच ना?

डॉक्टर : तोच.

प्रणिता : आणि ते काय आहे? ते पांढरं, पातळ. पडद्यासारखं फडफडतंय ते?

डॉक्टर : एक मिनिट.

प्रणिता : मघाशी नव्हतं ते. डॉक्टर, मघाशी नव्हतं ना?

डॉक्टर : बोलू नका जरा.

प्रणिता : डॉक्टर.

डॉक्टर : ती पिशवीची भिंत आहे. सुटलीय.

प्रणिता : डॉक्टर, त्यांना श्वास सोडायला सांगा ना. तुम्ही सांगायची वाट बघतायत ते.